तिन्ही बाजूंनी कापलेला मार्गदर्शक

ज्ञानानं अज्ञानावर मात केल्याशिवाय मानवजातीचं पाऊल आजवर कधीही पुढे पडलेलं नाही. आमच्या बाइंडिंगखान्यात ही मात एका शनिवारी दुपारी अडीच वाजता सुरू झाली आणि चार वाजून दहा मिनिटांनी, सहाव्या फेरीच्या अखेरीस, तिचा पाय मुरगळला.

त्या वेळी आम्ही आठ जण हजर होतो. आठांपैकी सात जणांना जो धक्का बसला तो अजून पुरता उतरलेला नाही. आठव्या मावशी. त्यांना धक्का बसत नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं मोठ्या पातेल्यात खळ शिजवली आणि एकदाही गुठळी होऊ दिली नाही, तिला हलवणारी गोष्ट अजून घडायची आहे.

आधी खेळ सांगतो. तो कळायला सोपा आणि समजावून सांगायला लाजिरवाणा आहे. फँटसी फुटबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचा खोटा संघ. हंगाम सुरू होण्याआधी टेबलाभोवती बसायचं आणि पाळीपाळीनं खेळाडूंची नावं घ्यायची. ज्याचं नाव मी घेतलं तो माझा, दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही. त्याला स्वतःला यातलं काही ठाऊक नसतं. मग वर्षभर तो जिथं गोल करेल तिथले गुण मला, आणि तो जिथं पडेल तिथलं दुखणंही मला. अकरा फेऱ्या, अकरा माणसं. घरी विचारलं तर मी 'जुन्या सहकाऱ्यांची सभा' असं सांगतो. त्यात खोटं काही नाही.

आमच्या मंडळात आठ खुर्च्या. एक मालकांची. एक कटिंग मशीनवरच्या पोराची. त्याला सगळे सुरी म्हणतात, आणि आता तो पोरही राहिलेला नाही, दोन मुलांचा बाप आहे. एक पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवणाऱ्या गिल्टवाल्याची. दोन गठ्ठे पोचवणाऱ्या भावांच्या, थोरला आणि धाकटा. एक मावशींची. एक माझी, मी तिथं प्रूफं तपासायचो. आणि आठवी शिलाई विभागाच्या फोरमनची, त्याचं नाव तळटीप.

हे नाव त्याला त्याच्या बोलण्यानं मिळालं. कुठलंही वाक्य त्याच्या तोंडून एकटं बाहेर पडत नाही. "चहा घेईन. पण अर्धा. आणि तो पाच मिनिटांनी. आणि मास्तर घेणार असतील तरच." मास्तर म्हणजे मी. त्याच्या अटींमुळे मी आयुष्यात शेकडो कप नको असताना प्यालेलो आहे.

मंडळाचे नियम तीन, आणि तिन्ही तळटीपनंच लिहून भिंतीला लावलेले. पहिला: नोकरी संपली तरी खुर्ची संपत नाही. या नियमावर मी चार वर्षं जगतोय. निवृत्त झालो तरी दर शनिवारी अर्धा दिवस संपला की मी बाइंडिंगखान्यात येतो, खुर्चीवर बसतो, कागदाचा वास घेतो, आणि कोणी मला 'इथं काय काम?' असं विचारू शकत नाही. दुसरा: जो सलग तीन वर्षं शेवटचा येईल त्यानं खुर्ची सोडायची. तिसरा: तोंडातून गेलं ते गेलं. घेतलेलं नाव बदलायचं असेल तर आठांच्या आठ हात वर झाले पाहिजेत.

आता अडचण बघा. तळटीप गेली दोन वर्षं शेवटचा आला होता. आणि यंदा वर्षाखेरीला तो निवृत्त होणार होता.

म्हणजे हा हंगाम शेवटच्या जागेवर संपला तर नोकरीही नाही आणि खुर्चीही नाही. ज्या दारातून तो अडतीस वर्षं आत आला, त्या दारातून आत यायला त्याच्याकडे काही कारणच उरणार नव्हतं. तो हे बोलत नसे. पण उन्हाळ्यापासून तो चहा पूर्ण कप घेऊ लागला होता आणि तोही विनाअट, त्यावरून मला अंदाज आला.

त्याच्या घरी मात्र ही गोष्ट मोकळेपणानं बोलली जात होती.

"भावोजी," वहिनी मला म्हणाल्या, "यांची खुर्ची गेली तर माझी खोली गेली."

त्यांच्याकडे शनिवारी चौघीजणी पत्ते खेळायला बसतात. पंचवीस वर्षांचा रिवाज. पाचवा माणूस खोलीत आला की एक तर पानं बघतो, नाही तर सल्ले देतो, आणि तळटीप दोन्ही करणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"दोन वर्षं स्वतःच्या अकलेनं खेळलात," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यंदा छापील अक्कल वापरा." आणि त्यांनी टेबलावर तीन हंगामपूर्व मार्गदर्शक ठेवले.

हंगामाच्या आधी असे अंक निघतात. त्यांतला जाड होता त्यात पाचशे खेळाडू गुणवत्तेच्या क्रमानं लावलेले, प्रत्येकाखाली चार ओळी. दुसऱ्यात सामन्यांचं वेळापत्रक. तिसऱ्यात नुसत्या मुलाखती, आणि त्या सगळ्या मुलाखतींत प्रत्येक खेळाडू 'यंदा तब्येत उत्तम आहे' असंच सांगत होता.

दुसऱ्या कोणी ते अंक त्याच रात्री वाचून काढले असते. तळटीपनं वाचले नाहीत, कारण तो बाइंडर आहे.

"स्टेपलवर उभं असलेलं लिखाण वाचायचं नसतं, मास्तर," तो मला म्हणाला. "त्याला कणा नसतो. आणि वाचणाऱ्यालाही मग तो राहत नाही."

बैठकीच्या दोन दिवस आधी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कामाला हात घातला. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. त्यानं पिना उपसल्या. मुखपृष्ठं आणि त्यांच्या आतली पानं टोपलीत टाकली. तिथं जाहिरातीच असतात. उरलेले कागद घडीवर कापून सुटे केले, तिन्ही अंकांची पानं त्याच्या मते योग्य अशा क्रमानं एकात एक लावली, आणि दोऱ्यानं असं काही शिवलं की ते उसवायला पुढच्या पिढीलाही जमणार नाही. मग गठ्ठा मशीनवर ठेवला.

सुरीनं वाकून बघितलं. "काका, कडेला फुल्या आहेत."

"छपाईच्या," तळटीप म्हणाला. "छापखान्यांना आता लाज उरली नाही. पार मजकुरापर्यंत येऊ देतात."

छापखान्यातून येणाऱ्या कागदाच्या कडेला बारीक फुल्या असतातच, कुठे कापायचं ते आम्हाला कळावं म्हणून. या हातांनी अडतीस वर्षांत अशा किती फुल्या कापल्या असतील याची गणती नाही. सुरीनं दांडा ओढला. वर, खाली, बाहेर. तीन घाव, तीन बाजू. कडा अशा निघाल्या की त्यांवर बोट फिरवून बघायचा मोह मलाही झाला. दुसऱ्या दिवशी गडद हिरवं कापड चढलं, आणि गिल्टवाल्यानं पाठीवर एकच शब्द उमटवला: हंगाम.

मग तळटीप घरी गेला आणि त्यानं ते पुस्तक रात्रभर वाचलं. वहिनींनी सांगितलं, त्यांच्या लग्नानंतर त्यांनी त्याला इतकं सुखी प्रथमच पाहिलं. मी विचारलं, लग्नात होता का? त्या म्हणाल्या, तेव्हा गर्दी होती, नीट दिसलं नाही.

शनिवारी अडीच वाजता चिठ्ठ्या उचलल्या. पहिला नंबर तळटीपचा, दुसरा मालकांचा, माझा पाचवा, शेवटचा मावशींचा. आमच्यात क्रम उलटून येतो: पहिल्या फेरीत एकपासून आठपर्यंत, दुसऱ्या फेरीत आठपासून एकपर्यंत, असं वळत वळत. म्हणजे तळटीपला पहिलं नाव एकटं घ्यायचं होतं, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी दोन-दोन लागोपाठ.

बाकी सगळ्यांपुढे तोच जाड अंक होता, कोपरे दुमडलेला. तळटीपनं पिशवीतून हिरवा ग्रंथ काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसला. खोलीतला आवाज आपोआप कमी झाला. मालक तर खुर्चीत सरळ झाले.

"पहिलं नाव," मालक म्हणाले.

"निळ्यांचा नऊ नंबर," तळटीप म्हणाला.

गिल्टवाल्यानं तोंडात घातलेलं बिस्किट तसंच राहिलं.

कारण आमच्या सगळ्यांच्या अंकात निळ्यांच्या नऊ नंबरपुढे, पानाच्या अगदी कडेला, फुली होती. त्याचं असं झालं होतं की अंक छापून होत आला आणि सरावात खेळाडू धडाधड जायबंदी होऊ लागले. मजकूर बदलायला वेळ नव्हता, म्हणून संपादकांनी ऐन वेळी कडेला फुल्या घातल्या. एक फुली म्हणजे महिनाभर बाहेर. दोन म्हणजे अर्धा हंगाम. तीन म्हणजे यंदा भेट नाही. हा खुलासा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पहिल्याच नावाला लंगडा घोडा.

"खात्री आहे, तळटीपराव?" मालकांनी विचारलं.

तळटीपनं पुस्तक थोपटलं. "यात आहे."

ते थोपटणं मी विसरणार नाही. ज्या हातानं आई तान्ह्याला थोपटते तो हात.

पहिली फेरी पुढे सरकली. आम्ही शहाण्या माणसांसारखी बिनफुलीची नावं घेतली. फेरी वळली, परत त्याच्याकडे आली. त्यानं पान उलटलं, बोट वरून खाली आणलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो सापडलेल्या पाकिटाचा होता.

"बंदरवाल्यांचा डावखुरा," तो म्हणाला. "आणि लागलीच, त्यांचाच उंच बचावपटू. हे दोघं अजून शिल्लक कसे, हेच मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण बोलत नाही."

दोघांपुढेही फुली. थोरल्या भावाचा आ वासला, आणि धाकट्यानं, सवयीनं, आपलाही वासला.

आता मागे वळून बघितलं तर गणित साधं आहे. तळटीप आपल्या पुस्तकातला वरचा शिल्लक माणूस उचलत होता. आणि वरचा शिल्लक माणूस म्हणजे ज्याला आम्ही फुली बघून सोडलं तो. आम्ही जितकी काळजी घेत होतो तितका त्याचा दवाखाना भरत होता. पण हे आता. मशीनवर कापलेल्या फुल्या तेव्हा मलाही आठवल्या नाहीत आणि सुरीलाही. त्या वेळी आम्हाला फक्त एवढंच दिसत होतं की दोन वर्षं शेवटचा आलेला माणूस सोन्याच्या अक्षरांचं पुस्तक घेऊन बसलाय, एकामागून एक जायबंदी माणसं हसतहसत घेतोय, आणि वर आम्ही त्यांना सोडलं याचं त्याला नवल वाटतंय.

"याला काहीतरी ठाऊक आहे," सुरी माझ्या कानाशी कुजबुजला.

"काय ठाऊक असणार?"

"मास्तर, दोन दिवस बांधत होता. आपण अंक नुसता चाळला. त्यानं आतून बघितलाय."

मी हसायला हवं होतं. मी हसलो नाही. 

पहिले घसरले मालक. त्यांची पाळी तळटीपनंतर लगेच होती. त्यांनी दहा नावांवर पेन्सिल फिरवली, तळटीपच्या चेहऱ्याकडे बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "रेल्वेचा सात नंबर."

"दोन फुल्या आहेत, साहेब," गिल्टवाला म्हणाला.

"मला दिसतात," मालक म्हणाले. "डोळे आहेत मला. तळटीपरावांनी एक फुलीवाले उचलले, म्हणजे दोन फुलीवाल्यांत काय दडलं असेल?"

प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या अंकाची कड चाचपत होता.

त्यानंतर लोंढा आला. थोरल्यानं दोन फुल्यांचा गोलकीपर घेतला. धाकट्यानं, थोरल्यावर मात करायची म्हणून, तीन फुल्यांचा घेतला. ज्याचं नुकतंच ऑपरेशन झाल्याचं आदल्या दिवशीच त्यानं स्वतः आम्हाला वाचून दाखवलं होतं. गिल्टवाल्यानं लागोपाठ दोन पाळ्यांना दोन फुल्यांचे उचलले आणि रुमालानं कपाळ पुसलं. सुरी तर फुल्या मोजूनच नावं घेऊ लागला.

आणि मी? माझं सगळं आयुष्य एकच गोष्ट शिकण्यात गेलं: छापलेल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. त्या दुपारी मी हे ज्ञान वापरलं. छापलेल्या फुलीवर विश्वास ठेवला नाही. तीन पाळ्या.

तळटीप हे सगळं बघत होता. चौथ्या-पाचव्या फेरीच्या त्याच्या पाळ्या आल्या तेव्हा त्यानं आणखी दोन नावं घेतली, दोन्ही एक फुलीची, आणि कौतुकानं आमच्याकडे बघून म्हणाला, "यंदा मंडळाचा दर्जा सुधारलाय. अर्थात थोडाच. आणि उशिरा."

फक्त मावशी तेवढ्या आपल्या चालीनं चालल्या होत्या. त्यांचा अंक मांडीवर, खळीचे डाग पडलेला. पाळी आली की बोट फिरवायच्या, बिनफुलीचं नाव घ्यायच्या आणि पुन्हा विणकाम उचलायच्या. आम्हाला त्यांची थोडी कीव येत होती, हे कबूल केलं पाहिजे.

चार वाजून दहा मिनिटांनी सहावी फेरी त्याच्यापर्यंत आली. तळटीपनं पान उलटलं. "डोंगरवाल्यांचा कर्णधार."

मावशींनी सुई थांबवली. "तळटीप, त्याच्यापुढे दोन फुल्या आहेत ना रे?"

"कुठल्या फुल्या?"

"कडेच्या."

"त्या होय," तळटीप म्हणाला. "त्या छपाईच्या. त्या मी कापल्या."

बाहेर रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता, त्याचा टी-टी-टी आवाज सगळा संपेपर्यंत आम्ही ऐकला.

"कापल्या," मालक म्हणाले.

"तिन्ही बाजूंनी. बघा ना, कड कशी आलीय." त्यानं पुस्तक उघडून मालकांपुढे धरलं.

मालकांनी पान बघितलं. निळ्यांचा नऊ नंबर, खाली चार ओळी कौतुकाच्या, आणि उजवीकडे जिथं आमच्या अंकात फुली होती तिथं मालकांचा स्वतःचा अंगठा. त्यांनी दुसरं पान बघितलं. तिसरं बघितलं. त्या पुस्तकात पाचशे खेळाडू होते आणि पाचशेच्या पाचशे ठणठणीत होते.

"सुरी," ते कसंबसं म्हणाले, "मशीनवर तू होतास."

सुरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी म्हटलं होतं, साहेब. फुल्या आहेत म्हटलं. काका म्हणाले छपाईच्या. आता छपाईच्या म्हटल्यावर..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तर पण होते."

"मी प्रूफं बघतो," मी म्हणालो. "कड माझ्या खात्यात येत नाही." हे वाक्य मी चाळीस वर्षांत अनेकदा वापरलंय. इतकं पोकळ ते कधीच वाटलं नव्हतं.

तळटीप अजून हसत होता, पण ते हसू आता चेहऱ्यावर एकटंच राहिलं होतं. "मला कोणी सांगेल का," तो म्हणाला, "फुली म्हणजे काय?"

मावशींनी सांगितलं. एक, दोन, तीन. सरळ, पाककृती सांगावी तसं.

त्याच्या चेहऱ्याचा रंग खळीसारखा झाला. त्यानं स्वतःच्या कागदावरची सहा नावं बघितली. मग ती परत बघितली, जणू तेवढ्या वेळात एखादा बरा झाला असेल. मला वाटलं, याची खुर्ची याच क्षणी गेली, आणि त्यालाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"मावशी, तुम्हाला दिसत होतं," गिल्टवाला म्हणाला. "बोलला का नाहीत?"

"तुम्हालाही दिसत होतं की."

हाच खरा तडाखा होता. फुल्या त्याच्या पुस्तकातून कापल्या गेल्या होत्या, आमच्या नव्हे. आमच्या सहा जणांच्या अंकांत त्या जागच्या जागी, ठळक, काळ्याभोर होत्या. आणि त्यांवर बोट ठेवून आम्ही ती माणसं घेतली होती.

"नव्यानं निवडू," मालक घाईनं म्हणाले. "पहिल्यापासून. ही निवड निवडच नव्हे. हात वर करा."

त्यांचा हात वर गेला. सुरीचा, गिल्टवाल्याचा, थोरल्याचा, धाकट्याचा, माझा. सहा.

"मावशी?"

"मला काय," मावशी म्हणाल्या, "माझे सगळे चालतेफिरते आहेत. पण तुमचं एवढं असेल तर हात करीन वर. तळटीप काय म्हणतो ते बघा आधी."

सगळे त्याच्याकडे वळले. तळटीप हात वर करणार, यात कोणालाच शंका नव्हती. सहाच्या सहा माणसं जायबंदी असलेल्या संघनायकानं दुसरं काय करायचं?

तळटीपनं हात वर केला नाही. तो मावशींना म्हणाला, "मावशी, तुमचा अंक जरा बघू."

त्यानं तो घेतला, कागद पुढे ओढला आणि आमच्या प्रत्येकाच्या नावाखाली फुल्या मांडत गेला. त्याला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत मी एका माणसाचा रंग परत येताना पाहिला.

"माझे पाच एक फुलीचे," तो शेवटी म्हणाला. "एक दोन फुल्यांचा. म्हणजे महिन्याभरात पाच जण मैदानात. मालक, तुमच्या चौघांत मिळून नऊ फुल्या. तीन माणसं अर्धा हंगाम नाहीत, आणि एक तर येणारच नाही. गिल्टवाला आठ. सुरी दहा." तो थांबला. "धाकट्या, तुझे अकरा. तू चार माणसांत अकरा फुल्या बसवल्या कशा?"

धाकटा भिंतीकडे बघत होता.

"मास्तर तीन माणसांत सात. मास्तर, तुम्हीसुद्धा?"

सगळेच गार पडले होते. त्याची नक्कल करायची म्हणून आम्ही निघालो आणि त्याच्या पुढे जायचं म्हणून खड्ड्यात उतरलो, आणि त्या खड्ड्यात सगळ्यात वरच्या पायरीवर, आरामात, तळटीप उभा होता. हे ध्यानात येताच मालकांचा वर गेलेला हात आपोआप थोडा खाली आला, आणि मग आठवून पुन्हा वर गेला.

"तळटीपराव," मालक फार मऊ आवाजात म्हणाले, "चूक तुमची आहे हे विसरू नका. फुल्या तुम्ही कापल्या."

"कापल्या."

"तुमच्यावर विसंबून आम्ही घेतले."

"मी कोणाला सांगितलं होतं का घ्या म्हणून?"

नव्हतं सांगितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे.

तळटीप उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला बैठकीत उभा राहिलेला पाहिला नव्हता. त्यानं भिंतीवरच्या तिसऱ्या नियमाकडे बोट केलं.

"हा नियम मी लिहिला," तो म्हणाला. "तोंडातून गेलं ते गेलं. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत मी चुकून एका जुन्या खेळाडूचं नाव घेतलं, जो चार महिन्यांपूर्वी खेळ सोडून हॉटेल चालवायला गेला होता. मी हात वर करा म्हणून विनवलं. तेव्हा किती हात वर झाले होते?"

एक झाला होता. मावशींचा.

"सगळं वर्ष मी त्या हॉटेलवाल्याला घेऊन खेळलो. बोललो का काही? आज नव्यानं निवडलं तर काय होईल तेही मला दिसतंय. तुमच्याकडे फुल्यांचा अंक, माझ्याकडे हे. मी परत शेवटचा. डिसेंबरात माझा निरोप समारंभ करा, शाल नको, फुलं नकोत, मे महिन्यात खुर्चीसुद्धा काढून घ्या. असं नाही व्हायचं. हे असंच राहील. आपण सगळे लंगडत जाऊ. लंगड्यांच्या शर्यतीत मी, आयुष्यात पहिल्यांदा, शेवटचा नाही."

त्याच्या या बोलण्यात एकही 'पण' नव्हता, एकही 'अर्थात' नव्हता. मला त्याचाच जास्त धक्का बसला. एकेक करून हात खाली आले. मालकांचा सगळ्यात शेवटी, शिडी उतरावी तसा. थोरल्यानं धाकट्याच्या पाठीवर एक चापट मारली, त्या अकरा फुल्यांबद्दल.

"ठरलं," मालक म्हणाले. त्यांचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला. "सातवी फेरी. क्रम उलटलाय. पाळी..." त्यांनी कागद बघितला. "पाळी तुमचीच, तळटीपराव."

तळटीप बसला. हिरवा ग्रंथ पुढे ओढला, उघडला आणि पहिल्या शिल्लक नावावर बोट ठेवलं. मग बोट उचललं. दुसऱ्यावर ठेवलं. तेही उचललं. पानाची करकरीत कड त्यानं अंगठ्यानं एकदा चाचपली, पुस्तक मिटलं आणि आम्हा सर्वांकडे आळीपाळीनं बघितलं.

"कोणी मला," तो म्हणाला, "एक धडधाकट माणूस सुचवता का?"